तारुण्यपीटिका आणि लिंबूरसाचा घरगुती उपाय : एक विवेचन

प्रस्तावना : विदर्भात कागदी लिंबू घरोघरी असते. तारुण्यपीटिकांवर, म्हणजेच मुरुमांवर, त्याचा रस चोळण्याचा सल्ला विद्यार्थ्यांना सर्रास दिला जातो. या उपायाचा शास्त्रीय आधार तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : पौगंडावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवतात. तेल व मृत पेशींमुळे रोमरंध्रे बंद होतात, त्यांत जिवाणू वाढतात आणि दाह होतो. वरून चोळलेला रस या कारणांचे निराकरण करीत नाही. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, तर लिंबूरसाचा २ ते २.५ असतो. सामूतील प्रत्येक एकक आम्लतेतील दहापट फरक दर्शविते. म्हणजे हा रस त्वचेहून शेकडो पट आम्लधर्मी ठरतो. परिणामी जळजळ होते व त्वचेच्या संरक्षक आवरणास इजा पोहोचते. सौंदर्यप्रसाधनांत फळांतील आम्ले वापरली जातात हे खरे. परंतु तेथे त्यांचे प्रमाण नियंत्रित असते.

याहून गंभीर बाब उन्हाची आहे. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकौमारिन ही द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागल्यास अतिनील किरणांमुळे फोड येऊन काळे डाग पडतात व ते कित्येक महिने टिकू शकतात. सावळ्या त्वचेवर असे डाग अधिक ठळक उमटतात. नागपूरच्या प्रखर उन्हात ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

निष्कर्ष : डाग घालविण्यासाठी योजिलेला उपायच डागांचे कारण ठरू शकतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापलीन यांसारखी परिणामकारक औषधे उपलब्ध असताना, विद्यार्थ्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविणे हेच प्राध्यापकांचे योग्य मार्गदर्शन होय.