चांगली शेंग वेलावरच

अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, पावसाळ्यात पाणी आवरत नाही आणि उन्हाळ्यात ते हंड्याने मोजावं लागतं. अशा ठिकाणी घरामागच्या जागेत वर्षभराची भाजी काढायची, तीही पदरचे पैसे फारसे न घालता, हे शिकवायचं तर बियाण्यापासूनच सुरुवात करावी लागते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तेच केलं. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी बाईंनी वाल-घेवड्यांपासून पालेभाज्यांपर्यंत गावठी वाण घरोघरून जमवले, ‘बायफ’ या संस्थेच्या मदतीने वाढवले आणि बायकांच्या ओटीत परत घातले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

संकरित बियाणं भरपूर पिकतं, पण त्याच्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी आई-बापाच्या वळणावर जात नाही. म्हणून पाकीट दर हंगामाला विकत आणावं लागतं. गावठी वाणाचं बी घरचं घरी धरता येतं. परसबागेचं खरं अर्थकारण इथे आहे.

म्हणूनच बी धरायला शिकवणं हा या कामाचा गाभा. निरोगी वेल हेरायचा, त्यावरची भरदार शेंग चिंधी बांधून राखायची आणि ती वेलावरच वाळू द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. घरात पाहुणा आलेला, भाजी पुरत नाही, आणि नेमकी तीच शेंग डोळ्यांसमोर लोंबतेय, तेव्हा हात आवरणं कठीण असतं. वालाचा वाण सहसा शुद्ध राहतो, कारण त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच फळतं. दुधी-दोडक्याचं तसं नाही. मधमाश्या एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून दुधीचे दोन वाण शेजारी लावले की बी मिसळतं. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवायचा, मग बी धुऊन सावलीत सुकवायचं. सुकलेलं बी राखेत घोळून मडक्यात ठेवलं की किडीपासून बरंच वाचतं.

जागेची आखणी त्यामानाने लवकर उरकते. पावसाळ्यात गादीवाफे, म्हणजे मुळं कुजत नाहीत. उन्हाळ्यात सपाट वाफे, म्हणजे ओल टिकते. कडेला शेवगा आणि पपई, मांडवावर वाल आणि कारलं, खाली मेथी, माठ, आंबाडी. मोरीचं सांडपाणी वाळू-खडीतून गाळून कर्दळ-केळीकडे वळवायचं.

खताचं प्रमाणही घरापुरतं करून सांगितलं तरच ते उपयोगाला येतं. एकराला 200 लिटर जीवामृत ही पुस्तकातली कृती दोन वाफे असलेल्या बाईला धडकी भरवते. तिला 20 लिटर पुरेसं होतं: एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळलं की झालं. गूळ आणि बेसन घरातलंच, शेण-गोमूत्र गोठ्यातलं किंवा शेजारचं.

पुढचा भाग बियाणे बँकेचा. नेलेल्या बियाच्या दुप्पट हंगामानंतर परत आणून द्यायचं, असा अशा बँकांचा सर्वसाधारण रिवाज. कोणाच्या घरी वेल जळाला किंवा जनावरांनी खाल्ला तरी तो वाण गावातून जात नाही, तो शेजारणीच्या मडक्यात असतो. पुढच्या पावसाआधी गावातल्या बायका बँकेत बी निवडायला बसतात, आणि नवख्या सुनेला किडका दाणा कसा ओळखायचा हे त्यांच्याकडूनच कळतं.