नवीन रताळे कसे तयार करतात?

आमची आजी भातकापणी झाल्यावर कुणग्यात रताळ्याचे वेल लावते. यंदा महाशिवरात्रीला खणली तर निम्मी रताळी किडलेली. आत काळी भोके आणि चव कडू. हे सोंड्या भुंग्याचे काम. त्याची मादी वेलात आणि कंदात अंडी घालते, मग अळी आतून पोखरत जाते. आजी म्हणाली, "मेल्या भुंग्यान उपासाचां वाटोळां केल्यान!"

मी गुरुजींना विचारले, शास्त्रज्ञ न किडणारे रताळे का काढत नाहीत? त्यांनी सांगितले ते लिहितो.

आपण वेलाचा तुकडा लावतो, म्हणून नवे रताळे जुन्यासारखेच होते. पांढऱ्याच्या वेलाला पांढरेच. नवीन जात हवी तर बी पाहिजे. रताळ्याचे फूल आपल्या किनाऱ्यावरच्या मर्यादवेलीच्या फुलासारखे असते. एका जातीचे पराग हाताने दुसऱ्या जातीच्या फुलावर लावतात. त्याच वेलाचे सहसा चालत नाहीत. गंमत म्हणजे एकाच बोंडातल्या दोन बिया लावल्या तरी भावंडांसारखी वेगवेगळी रताळी येतात. एक गोड, एक पाणचट. हे गुण पेशीतल्या गुणसूत्रांत असतात. माणसाची 46, रताळ्याची 90! एवढ्या गर्दीत कोणता गुण कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून पुष्कळ रोपे लावायची, खणायची, उकडून चाखायची आणि चांगली निवडायची. यात वर्षे जातात. (चाखायचे काम मी करीन.)

आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अश्विनी' ही जात काढली. केरळात तिरुवनंतपुरमला 1963 पासून कंदपिकांची मोठी संशोधन संस्था आहे. तिची 2017 ची 'भू सोना' आतून गाजरासारखी केशरी असते. त्या रंगापासून आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व बनते. ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो.

पण भुंगा अजिबात लागणार नाही अशी जात अजून कुणालाच मिळालेली नाही. म्हणून कामगंध सापळा लावतात. त्यात मादीसारखा वास ठेवलेला असतो, नर फसून येतात आणि अडकतात. आणि वरंब्याला मातीची भर द्यायची. जमिनीला भेग पडली की भुंगा तिच्यातून कंदापर्यंत पोचतो. आमच्या कुणग्यात भेगा होत्याच.

आजीला हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "केशरी गावलां तर एक वरंबो लावीन. बाकी माझां पांढरांच." किडक्या कुणग्यातला वेल पुन्हा लावायचा नाही, म्हणून शेजारच्या काकींकडे मागितला आहे. तो त्यांना आजीनेच दिला होता. म्हणजे रताळे तेच!

– इयत्ता चौथी