गोधडी उलटी करून वाचावी

जुनी गोधडी हातात आली की आधी ती उलटी करावी. वरची बाजू चारचौघांनी बघायची असते. तिथे लुगड्याचा धड भाग येतो, काठ सरळ लागतात, रंगाला रंग जुळवलेला असतो. मागच्या बाजूला गाठी असतात. मध्येच संपलेला पांढरा दोरा असतो आणि त्याच ओळीत पुढे हाताला लागला तो हिरवा. कुठे ठिगळावर ठिगळ. शिवणारी कुठे विचारात पडली, कुठे कापड अपुरे पडले, कुठून घाई झाली, हे सगळे मागे दिसते. स्वतः गोधडी शिवू पाहणाऱ्याला जुन्या कामातून शिकायचे असेल तर सुरुवात या बाजूने करावी, असे माझे ठाम मत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरात अशा गोधड्या अजून घराघरांत आहेत. खालच्या पाटात, वरच्या पाटात, असगोलीला, पालशेतला, माळ्यावरच्या ट्रंकांत नाहीतर गाद्यांच्या उतरंडीत अगदी तळाशी. बघायला मागितली की पहिले उत्तर ठरलेले असते, "ती काय बघायची? फाटलीय सगळी." मग ती खाली येते, ओटीवर पसरली जाते आणि घरातली म्हातारी बाई एकेका तुकड्यावर बोट ठेवू लागते. हे सासूबाईंचे लुगडे, हा मोठ्या दिरांचा शर्ट, हे धाकटीच्या बारशाचे परकराचे कापड. घरातल्या माणसांची इतकी तपशीलवार नोंद दुसऱ्या कुठल्या वस्तूत मला सापडलेली नाही.

या नोंदीत मुंबईही असते. मुंबईत पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणी कामगारांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा होता. चाकरमानी बोटीने दाभोळला उतरायचे, खाडी ओलांडून घर गाठायचे आणि गाठोड्यात कापड आणायचे. खटावची व्हॉइल, फिनलेची मलमल, धोतरजोड्या, वजनावर मिळालेले कट-पीस. ते कापड आधी अंगावर झिजले, मग गोधडीत गेले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. त्या गिरण्यांनी विणलेले कापड मात्र गुहागरच्या माळ्यांवर अजून शाबूत आहे. कधी कधी आतल्या थरात ठाणाच्या टोकाला मारलेला गिरणीचा निळा शिक्काही दिसतो. असा शिक्का सापडला तर तो धुऊन घालवू नये.

गोधडीचे वय सांगायला घरचे लोक सहसा पिढ्यांचा हिशेब देतात. कापडही सांगते. गोधडीत नायलॉन किंवा टेरिलीनचा तुकडा असेल तर तो बहुधा 1960 नंतरचा, निदान तेवढा भाग तरी. लाल रंग मंजिष्ठाचा असेल किंवा कारखान्यातल्या अलिझारिनचा. 1868 साली जर्मन रसायनज्ञांनी अलिझारिन प्रयोगशाळेत बनवले आणि मंजिष्ठाची शेती थोड्याच वर्षांत मागे पडली. निळीचेही तसेच, 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. नुसत्या डोळ्यांनी हे दोन लाल किंवा दोन निळे वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे रंगावरून कुणी छातीठोक साल सांगितले तर विश्वास ठेवू नये. काळा मात्र स्वतःची खूण ठेवतो. हिरडा आणि लोखंड यांच्या मिलाफातून केलेला जुना काळा रंग सुताला आतून खातो. म्हणून पुष्कळदा बाकी गोधडी धड असते आणि काळे-तपकिरी तुकडे तेवढे विरून जाळी झालेले असतात. आज नवी गोधडी करणाऱ्यासाठी यात धडा आहे. तुकड्यांचे आयुष्य सारखे नसते, तेव्हा लवकर विरणारे कापड मधल्या थरात घालावे आणि कडेला, जिथे हात आणि हनुवटी घासते तिथे, सर्वांत चिवट कापड लावावे. जुन्या बायका काठाची पट्टी कडेला लावतात ती शोभेसाठी आहेच, पण लुगड्याचा काठ अंगापेक्षा दाट विणलेला असतो हे त्यांना ठाऊक असते.

मापाचा हिशेब बघा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. लुगड्याच्या लांबीच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते, म्हणजे माणसाच्या उंचीहून हातभर जास्त. रुंदी चार फुटांच्या आसपास. एका लुगड्यात एका माणसाची चार पदरी गोधडी बसते, कात्री न लावता. पाचवारीत हे गणित मोडते. गोधडीचा आकार आजीच्या लुगड्याने ठरवला होता, हे मला त्या वस्तूतले सर्वांत सुंदर वाटते. आज आपण बाजारातल्या चादरीच्या मापाने गोधडी बेततो आणि मग कापड कापत, जोडत बसतो. घरात जे कापड आहे त्याच्याच लांबी-रुंदीतून आकार काढला तर अर्धी शिवण वाचते.

शिवायला बसायचे दिवस शिमग्यानंतरचे. ऊन कडक, पडवी मोकळी, आगोटीची कामे अजून अंगावर आलेली नसतात. जमीन सारवून, सुकवून तिच्यावर खालचे कापड ताणून पसरायचे, वर तुकड्यांचे थर, मग वरचे कापड. लांब टाक्यांनी टाचून घ्यायचे म्हणजे थर सरकत नाहीत. मग धावदोरा. इथे जुन्या गोधड्या आणि आजची क्विल्टिंगची पुस्तके यांच्यात मोठा फरक आहे. पुस्तके सांगतात की मधून सुरुवात करा आणि बाहेर जा, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. अनेक जुन्या गोधड्यांत टाका कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे सरकतो. आत कापूस नाही, सपाट कापडच आहे, त्यामुळे फुगा धरायची भीती कमी. उलट दोरा जरा ओढून घेतल्याने कापडावर बारीक लाट उठते. त्या लाटांच्या पोटात हवा अडकते आणि पातळशी गोधडी ऊब देते. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलेली आणि अर्ध्या बोटाचे अंतर ठेवलेली अशा दोन गोधड्या पांघरून बघा, फरक अंगाला कळेल.

कडेकडून आत येण्याची ही रीत उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, फार ठळक दिसते. एका कोपऱ्यापासून तुकडे लावत, शिवत त्या कडेने फिरतात आणि मध्यावर येऊन संपवतात. आधी पूर्ण नक्षी जोडून मग शिवायची पद्धत तिथे नाही. तुकडा ठेवणे आणि तो शिवणे एकाच वेळी चालते. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना त्या फुले म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. 2011 साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या कवंद्यांचे प्रदर्शन झाले. ज्याला नक्षी आधी कागदावर काढायची सवय आहे त्याने एकदा कवंदीच्या रीतीने बसून बघावे. पुढचा तुकडा कोणता हे आधीचा तुकडा ठरवतो. मी तशी एक लहान दुपट्याएवढी शिवली, तेव्हा रंगांची जी शेजारशेजारी मांडणी झाली ती कागदावर मला कधीच सुचली नसती.

त्याहून लांब, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. त्यांतली मिसूरी पेटवे या बाईची 1942 ची गोधडी मला फार जवळची वाटते. नवरा गेल्यावर तिने त्याचे शेतातले कामाचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली, अंगावर घेऊन त्याची आठवण राहावी म्हणून. विजारीच्या कापडावर वापराच्या खुणा तशाच आहेत. गुहागरची बाई हे वाचून चकित होणार नाही. वडिलांचे धोतर नातवाच्या दुपट्यात घालणे ही इथली रोजची गोष्ट आहे. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे डाग, ठिगळ, खिशाची फिकट न झालेली जागा हे सगळे तुकड्यात राहू द्यावे. खिसा काढल्यावर खाली जो मूळ रंगाचा चौकोन निघतो तो विकतच्या कापडात मिळत नाही.

नक्षी घ्यायची तर नजर गोधडीबाहेरही न्यावी. विनयपिटकात कथा आहे की बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, मगधातली बांधांनी आखलेली शेते दाखवली आणि भिक्षूंची चीवरे, म्हणजे वस्त्रे, तशी बेतायला सांगितले. आनंदाने तुकडे जोडून ती बेतली. गुहागरच्या आसपास पावसाळ्यात भातखाचरे तशीच दिसतात, एकही चौकोन दुसऱ्यासारखा नाही आणि तरी सगळे एकमेकांत बसलेले. कौलांच्या ओळी आहेत, चिऱ्याच्या भिंतीतले सांधे आहेत, सुपारीच्या बागेत सारख्या अंतराने उभी खोडे आहेत.

आता एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. जुन्या गोधडीपासून प्रेरणा घ्यायची म्हणजे तिला कात्री लावायची नाही. हल्ली जुन्या गोधड्यांच्या पिशव्या, जाकिटे, उशांचे अभ्रे निघतात. जी गोधडी पायपुसण्याच्या वाटेवर आहे तिचे काय करावे हा घरचा प्रश्न, पण धड असलेली गोधडी कापली की टाक्यांचा क्रम, थरांची रचना, मापाचा हिशेब, सगळे एकदम जाते. त्यापेक्षा तिचा नकाशा करावा. सकाळच्या तिरप्या उन्हात दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, म्हणजे टाक्यांचा उठाव दिसतो. वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ओळींची दिशा उतरवावी. उसवलेल्या जागेतून थर मोजावेत. मग त्याच क्रमाने नवे काम करावे, आपल्या घरच्या जुन्या सुती कापडात. सिंथेटिक साडी टाळलेली बरी. ती घाम टिपत नाही आणि थरांत सरकते.

सांभाळायचे म्हटले तर कोकणची हवा वैरी आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गोधडी कोंदते आणि बुरशी धरते. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावी, सोबत वेखंड आणि सुका कडुलिंब ठेवावा. हस्ताचा पाऊस सरला की सावलीत वाऱ्यावर पसरावी आणि परत ठेवताना जुन्या घडीवर घडी घालू नये, नाहीतर सूत तिथेच तुटते. पऱ्यावर नेऊन दगडावर आपटायचे दिवस तिच्यासाठी संपले. धुवायचीच तर रिठ्याच्या पाण्यात, टबात, दोन माणसांनी खालून आधार देऊन उचलत.

बंगालच्या कांथ्याला, म्हणजे तिथल्या गोधडीला, गुरुसदय दत्त, स्टेला क्रामरिश असे संग्राहक भेटले. क्रामरिश यांनी 1939 मध्ये कांथ्यावर लेख लिहिला आणि त्यांच्या संग्रहातले कांथे फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जपले गेले. मराठी गोधडीच्या वाट्याला असे संग्राहक फारसे आले नाहीत, आणि ती वापरून संपवायची वस्तू असल्याने उरलीही थोडी. शिवाय तिच्यावर नाव नसते. गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईचा, वडिलांसाठी केलेला एक कांथा आहे आणि त्यावर तिने स्वतःचे नाव टाक्यांत लिहिले आहे, म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. आपल्याकडच्या हजारो हातांचे काहीच नाव उरले नाही. तेव्हा यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून गोधडी खाली आलीच, तर सांगणारे माणूस घरात आहे तोवर कुठला तुकडा कुणाचा हे विचारून घ्या, सुती पट्टीवर दोऱ्याने लिहा आणि ती पट्टी मागच्या बाजूला सैल टाक्यांनी लावा. आणि स्वतः शिवाल त्या गोधडीच्या मागे आपले नाव, गाव आणि साल घाला.