पाड्याची सभा

ग्रामसेवकाला आमच्या जव्हार-मोखाड्याकडे 'भाऊसाहेब' म्हणतात. मी बावीस वर्षं भाऊसाहेब होतो. ग्रामसभा आली की मला एकच घोर असायचा, कोरमचा. शिपायाला पाड्यापाड्यांवर पिटाळायचं, माणसं गोळा करायची.

एक पाडा दोन ओहोळांपलीकडे, तासाभराच्या चालीवर. तिथल्या वारली बाया मजुरी बुडवून यायच्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. विषयपत्रिकेवर मोठ्या गावातली गटारं, रस्ता, कमान. पाड्याची विहीर यायची 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, आणि तोवर बायांनी घरची वाट धरलेली असायची. मीच इतिवृत्तात लिहायचो : 'सर्वानुमते मंजूर.'

सरपंच आदिवासीच होता. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव असतं. राज्याच्या विधानसभेत 288 पैकी 25 जागा आणि लोकसभेच्या 48 पैकी 4 जागाही अनुसूचित जमातींना आहेत. पण सरपंच मोठ्या गावचा आणि मतंही तिथलीच जास्त. पाड्याला प्रतिनिधी होता, आवाज नव्हता.

यावरचं औषध 1996 च्या 'पेसा' कायद्यात आहे. महसुली दप्तरात काहीही असो, जी वस्ती किंवा पाडा आपला कारभार रूढी-परंपरेनं चालवतो, त्याला हा कायदा गाव मानतो आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा देतो. महाराष्ट्राचे नियम यायला मात्र 2014 उजाडलं. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करायचा, तो प्रांताकडे द्यायचा, पडताळणी होऊन जिल्हाधिकारी गाव जाहीर करतात.

त्या पाड्यानं ठराव केला तेव्हा हद्द लिहायला मी वही घेऊन गेलो. माझ्याजवळ गटनंबर होते. एका म्हातारीनं ते बाजूला सारले आणि पुढं चालू लागली. "भाऊसाहेब, लिहा. हा ओहोळ. ही चिंच. इथं वाघोबा. त्याच्या पल्याड दुसऱ्यांचं." दुपारपर्यंत हद्द पुरी झाली. कुणी हरकत घेतली नाही, कारण शेजारच्या पाड्यालाही तीच हद्द ठाऊक होती.

गाव जाहीर झालं की जंगलातलं गौण वनोपज, पाणी, दारूचं दुकान यांत ग्रामसभेचा शब्द चालतो. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्यातला लोकसंख्येप्रमाणे येणारा वाटा गावाच्या ग्रामसभा कोषात जमा होतो. रक्कम मोठी नसते; पण खर्च कशावर, हे पाडा ठरवतो.

पहिली सभा त्याच चिंचेखाली भरली. विषय क्रमांक एक : विहीर. शिपाई कुठंच पिटाळावा लागला नाही.

राखीव जागा हव्यातच, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमचा पाडा अनुसूचित क्षेत्रात असेल आणि अजून दुसऱ्याच्या सभेत मागं बसत असेल, तर पहिला ठराव गावघोषणेचा करा. रस्ता-गटारं त्यामागून येतील.