कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांच्या तपासणीची दृश्ये इंटरनेटवर आढळली आणि त्यांची विक्री होत असल्याचेही उघडकीस आले. तपासाचा धागा महाराष्ट्र व उत्तर प्रदेशापर्यंत पोचला. तेथून संशयितांना अटक झाली. चर्चा साहजिकच गुन्हेगारांच्या विकृतीभोवती फिरली. परंतु तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला होता, आणि त्याची किल्ली कोणाकडे होती, हे प्रश्न मागे पडले. पहिल्याचे उत्तर सोपे आहे : तो तेथे नकोच होता. दुसऱ्याचा विचार मात्र प्रत्येक दुकानदाराने, शाळाचालकाने आणि गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाने करावयास हवा.

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हा वस्तुतः भिंग लावलेला छोटा संगणकच होय. पूर्वी कारखान्यातून निघणाऱ्या हजारो नगांना सर्रास एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिलेला असे. तो माहितीपुस्तिकेत छापलेला, म्हणजेच जगजाहीर. एकाच किल्लीने उघडणारी हजार कुलुपे कोणी विकली असती, तर गिऱ्हाइकांनी त्याचे दुकान बंद पाडले असते. कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र कोणी तक्रार केली नाही.

याचे मोल २०१६ साली कळले. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर यंत्रे हुडकीत फिरे आणि अशा साठाहून अधिक ठरीव जोड्या त्यांवर चालवून पाही. लाखो कॅमेरे, राउटर आणि चित्रण साठवणारी डीव्हीआर यंत्रे त्याच्या कह्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढविला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. आपला कॅमेरा या फौजेत भरती झाला आहे याचा मालकांना सहसा पत्ताही नव्हता. चित्र तर पडद्यावर नेहमीसारखेच दिसत होते! हा प्रोग्राम यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीतच राही, त्यामुळे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तो नाहीसा होई. परंतु परवलीचा शब्द जुनाच असेल तर थोड्याच वेळात पुन्हा येई.

आपल्याकडे खरी मेख कॅमेरे बसविण्याच्या वेळीच असते. बसविणारा घाईत असतो आणि मालकाला मोबाईलवर चित्र दिसले की पुरते. तेवढ्यासाठी राउटरमधून थेट वाट मोकळी करून दिली जाते, परवलीचा शब्द बसविणाऱ्याच्याच डोक्यात राहतो, आणि पुष्कळदा तो त्याच्या सर्व गिऱ्हाइकांना एकच असतो. वस्तुतः काम अर्ध्या तासाचे आहे. परवलीचा शब्द स्वतः बदलावा, राउटरची ती वाट बंद करावी, टेलनेटसारखी नको असलेली सेवा मिटवावी, कंपनीने दिलेली नवी सुधारणा चढवावी. काही कॅमेऱ्यांत थेट चित्रप्रवाहाचा परवलीचा शब्द वेगळा असतो. मुख्य शब्द बदलूनही तो तसाच राहतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सरकारे उशिरा का होईना जागी झाली आहेत. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून, तर ब्रिटनचा एप्रिल २०२४ पासून अमलात आला. सर्वांना सारख्या परवलीच्या शब्दांना त्यांनी मनाई केली. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे. तथापि हे नियम नव्या मालासाठी आहेत. आधीच भिंतींवर चढलेल्या कॅमेऱ्यांची जबाबदारी मालकावरच उरते, आणि ज्यांचे चित्रण होते ते रुग्ण, मोलकरणी, विद्यार्थी यांना तर त्यात कसलाही आवाज नाही.

काही जुन्या यंत्रांत परवलीचा शब्द आतच कोरलेला असतो, तो मालकालाही बदलता येत नाही. अशा यंत्राची इंटरनेटची तार काढून टाकावी. चित्रण साठविण्याचे काम ते तिच्याविनाही चोख करते. मोबाईलवर तेवढे दिसणार नाही.