चित्रफितीवरून तबकडीवर

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, रंगीत दूरदर्शन आले, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत लग्नमुंजींच्या चित्रफिती काढण्याची चाल आपल्या मध्यमवर्गात पडली. आज त्या फितींत जी आजी चालती-बोलती दिसते, तिचा आवाज दुसऱ्या कशातही उरलेला नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने बसविलेले असतात. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून मऊ पडते. कोकणातल्या पावसाळ्यात तर वर बुरशीही धरते. पण त्याहून मोठा घोर यंत्राचा आहे. व्हीएचएस पद्धत जपानात १९७६ साली निघाली, आणि तिची यंत्रे करणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली ते काम थांबविले. फीत शाबूत आणि दाखवायला यंत्र नाही, अशी ही स्थिती!

पुष्कळजण विचारतात, नक्कल झटपट का होत नाही? आपल्याकडील यंत्रात तिरपे बसविलेले नळकांडे सेकंदाला २५ फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात एक चित्र वाचते. संगणक ते चित्र येईल तसतसे अंकांत उतरवितो. म्हणून तीन तासांच्या फितीला तीन तासच लागणार.

प्रथम कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडावी, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित होत नाही. पांढरी बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात मुळीच घालू नये. यंत्राची शिरे बिघडतात आणि बुरशी पुढच्या फितीला लागते. ती जाणत्याकडून साफ करवून घ्यावी. चांगली फीत एकदा टोकापर्यंत पळवून परत गुंडाळावी. मग पिवळी तार चित्राची, पांढरी-तांबडी आवाजाची, अशा जोडून आधी संगणकात उतरवावे आणि तेथून तबकडीवर.

साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात, म्हणजे बऱ्या प्रतीचे दोन तास. काटकसरीपायी तीन लग्ने एकीवर कोंबली की वऱ्हाडाचे चेहरे चौकटी-चौकटींचे दिसू लागतात! शिवाय घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य ऊन आणि उष्णता यांनी विटते, तेव्हा संगणकातील प्रत पुसू नये, दुसरी एखाद्या नातलगाकडे ठेवावी. मूळ फीतही टाकू नये. ती गुंडाळून, कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवावी.