तालमूदांतील द्रव्यव्यवहार व न्यायरेषा

आमच्या धर्मशास्त्रांत व्यवहारप्रकरणास जें स्थान आहे, तेंच यहुदी लोकांच्या तालमूदांत 'नझिकीन' नामक विभागास आहे. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यानें मिश्ना हा संक्षिप्त नियमसंग्रह सिद्ध केला. त्यावरील चर्चा ती गमारा, व दोहोंचा मिळून तालमूद. बाबिलोनांतील तालमूद इ. स. ५०० च्या सुमारास बहुतेक पूर्ण झाला. नझिकीनाच्या आरंभीं पहिलें, मधलें व शेवटचें द्वार अशा अर्थाच्या नांवांचे तीन ग्रंथ आहेत. त्यांपैकीं मधल्या द्वारांतील, म्हणजे 'बाबा मेत्सिआ'तील, कांहीं नियम आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

आरंभींच वाद आहे. दोघे एकच वस्त्र धरून येतात, व 'हें मला सांपडलें, सर्व माझें' असें प्रत्येक म्हणतो. निर्णय असा कीं, यांत अर्ध्याहून कमी आपलें नाहीं अशी शपथ प्रत्येकानें घ्यावी व वस्त्र वांटून घ्यावें. शपथ कां, तर नुसत्या धरण्यानें अर्धें मिळूं लागल्यास कोणीहि दुसऱ्याचें वस्त्र धरून आपलें म्हणूं लागेल.

पुढें सांपडलेल्या वस्तूंचा विचार आहे. विखुरलेलीं नाणीं ओळखतां येत नाहींत, म्हणून तीं सांपडणाऱ्याचीं. ज्या वस्तूस खूण आहे, तिची मात्र दवंडी दिली पाहिजे, व खूण सांगेल त्यास ती परत केली पाहिजे. मनुस्मृतींतहि वस्तूचें रूप, संख्या इत्यादि सांगणाऱ्यासच ती द्यावी असें आहे. परंतु तेथें राजानें ती तीन वर्षें ठेवावयाची असते. तालमूदांत हा भार सांपडणाऱ्यावरच आहे. ग्रंथ सांपडल्यास तीस दिवसांतून एकदां तो वाचावा. वस्त्र तितक्याच दिवसांनीं झाडावें. तें पसरावें, पण वस्त्राच्या हितासाठीं. आपल्या मिरवणुकीसाठीं नव्हे. काम करून पोट भरणारें जनावर असेल तर त्यानें काम करावें व खावें. तसें नसेल तर तें विकून पैसे राखावे. परक्याच्या वस्तूस आपल्या घरीं कसर लागूं नये, एवढी काळजी ज्यास नाहीं त्यानें ती परत केली तरी काय परत केलें, हा प्रश्न आम्हांस येथें सुचतो.

क्रयविक्रयांत मूल्याहून एक षष्ठांश जास्त घेतल्यास जास्तीची रक्कम परत करावी. त्याहूनहि जास्त घेतल्यास व्यवहारच रद्द होतो. ग्राहकानें कमी दिल्यासहि हाच न्याय. याच प्रकरणांत शब्दांची फसवणूकहि घेतली आहे. घ्यावयाचें मनांत नसतां दुकानदारास भाव विचारूं नये. ही फसवणूक द्रव्याच्या फसवणुकीहून मोठी मानिली आहे, कारण पैसा परत देतां येतो, दुखविलेलें मन पूर्ववत् करतां येत नाहीं.

आतां शेवटची कथा. रब्बा नामक पंडिताचें मद्याचें पिंप हमालांकडून फुटलें. त्यानें त्यांचीं वस्त्रें अडकवून ठेविलीं. तो वावगें वागला असें आम्हीं एकदम म्हणूं नये. याज्ञवल्क्यस्मृतींतहि राजा वा दैव यांचें कारण नसतां नष्ट झालेलें भांडें वाहकाकडूनच भरून घ्यावें असें आहे. हमाल राव या आचार्याकडे गेले. राव म्हणाला, 'वस्त्रें परत दे.' रब्बानें विचारलें, 'हा कायदा काय?' 'होय.' हमाल म्हणाले, 'आम्ही गरीब, दिवसभर राबलों, भुकेले आहों.' राव म्हणाला, 'जा, यांची मजुरी दे.' पुन्हां तोच प्रश्न व तेंच उत्तर.

यास 'न्यायरेषेच्या आंत राहणें' म्हणतात. म्हणजे कायदा जेथपर्यंत घेऊं देतो तेथपर्यंत न जातां अलीकडेच थांबणें. न्यायालयानें हें कोणाकडून सक्तीनें करवावें कीं नाहीं, याविषयीं पुढील टीकाकारांत मतभेद आहे. सक्ती केल्यास औदार्य उरत नाहीं हें खरें. परंतु भुकेल्या हमालास तो वाद ऐकून पोट भरतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणूनच रावाचा 'होय' आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेम उद्ध्वस्त केलें. तेथील लोक केवळ कायद्यावर बोट ठेवून चालले, रेषेच्या आंत राहिले नाहींत, म्हणून हा नाश झाला, असें याच ग्रंथांत एका आचार्यानें म्हटलें आहे. इतिहासकार त्या नाशाचीं दुसरीं कारणें देतील, व तीं योग्यच असतील. तथापि ज्या लोकांनीं एवढें सूक्ष्म कायदेशास्त्र रचिलें, त्यांनींच कायद्याच्या अपुरेपणाची ही नोंद त्यांत करून ठेविली, ही गोष्ट अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवावी अशी आमची विनंती आहे.